हे पोर्ट कुणाचं?

सदर : कामावरची गोष्ट

गेल्या दिवाळीत या सदरात मी डेटा सेंटरमधल्या थंडीबद्दल लिहिलं होतं. ऐन जुलैत मी स्वेटर घेऊन कामाला का निघते, त्याची गोष्ट. अंक नाशिकला मामांकडे पोचला. मामांनी तो नेहमीप्रमाणे मुखपृष्ठापासून शेवटच्या जाहिरातीपर्यंत वाचला आणि फोन केला.

"थंडीचं कळलं गं. पण तिथे जाऊन तू करतेस काय, ते कुठे लिहिलंस?"

मामांची सगळी नोकरी टेलिफोन खात्यात गेली. त्यामुळे "कॉम्प्युटरचं काम करते" एवढ्यावर त्यांच्यापाशी सुटका होत नाही. म्हणून यंदा नेमकं कामच सांगते. त्यात माझी एक चूक आहे. तीही सांगते, कारण तिच्याशिवाय ही गोष्ट पुरी होत नाही.

आपल्यापैकी बरेच जण रोज रूट २८ वरून किंवा वॅक्सपूल रोडवरून जातात. दोन्ही बाजूंना त्या बिनखिडक्यांच्या लांबलचक इमारती दिसतात. भारतातून आलेले आईबाबा हमखास विचारतात, "ही गोदामं कसली रे?" तीच आमची डेटा सेंटर्स. १९९२ च्या सुमारास टायसन्स कॉर्नर भागात 'मे-ईस्ट' नावाचं ठिकाण सुरू झालं, जिथे वेगवेगळ्या कंपन्यांची इंटरनेटची जाळी एकमेकांना जोडली जायची. पुढे त्याच दशकात एओएल डलसजवळ आली, फायबर टाकलं गेलं आणि एकामागून एक इमारती अॅश्बर्नकडे सरकल्या. आता आपल्या लाऊडन काउंटीची ओळखच ती झाली आहे.

आत गेलं की कपाटांच्या रांगा असतात. त्यांना आम्ही रॅक म्हणतो. रॅकमध्ये एकावर एक सर्व्हर रचलेले आणि सगळ्यात वर दोन स्विच. हा स्विच म्हणजे दिव्याचं बटण नव्हे. मामांना मी सांगितलं, "तुमच्या एक्स्चेंजचा धाकटा भाऊ समजा." प्रत्येक सर्व्हरकडून केबल येते, स्विचच्या एका भोकात खोचली जाते आणि मग त्या सर्व्हरचं जगाशी बोलणं सुरू होतं. त्या भोकाला म्हणायचं पोर्ट. आमच्या एका स्विचला अशी ४८ पोर्ट्स. प्रत्येक पोर्टापाशी एक बारीक दिवा. समोरचं यंत्र चालू असेल तर दिवा लागतो, नाहीतर अंधार.

माझ्या कामाचा एक मोठा भाग म्हणजे या पोर्टांची मोजदाद. किती वापरात आहेत, किती रिकामी आहेत, आणि सहा महिन्यांनी नवे सर्व्हर आले तर ते बसतील कुठे. लग्नघरी पाहुण्यांच्या झोपण्याची सोय बघणारी एक आत्या असते ना, तसं.

ऐकायला सोपं वाटतं. दिवे मोजा, वजाबाकी करा, झालं. मलाही तसंच वाटायचं.

२०२२ चा ऑक्टोबर

त्या वेळी मी जिथे काम करत होते तिथे आमच्या ताब्यात ४० रॅक होते. म्हणजे ८० स्विच आणि ३,८४० पोर्ट्स. साहेबांनी बोलावून सांगितलं, "नोव्हेंबरात १२० नवे सर्व्हर येताहेत. प्रत्येकाला दोन पोर्ट्स. जागा आहे का?"

दोन का, तर एक केबल रॅकमधल्या एका स्विचला आणि दुसरी दुसऱ्याला. एक स्विच बिघडला तरी सर्व्हर चालू राहावा. म्हणजे हवी होती २४० पोर्ट्स.

मी आमची एक्सेलमधली नोंदवही उघडली. तिच्यात रिकामी पोर्ट्स होती २२८. बारा कमी!

आता बारा पोर्टांसाठी नवे स्विच मागवायचे म्हटलं तर पैशांचा प्रश्न होताच, पण त्याहून मोठा प्रश्न वेळेचा होता. चिप्सच्या टंचाईचे ते दिवस. आज मागणी नोंदवली तर माल कधी येईल ते विक्रेताही छातीठोकपणे सांगत नव्हता.

मग मी नोंदवही बाजूला ठेवली आणि थेट स्विचनाच विचारलं. हे खुर्चीत बसून करता येतं. प्रत्येक स्विच आपल्या पोर्टांची हजेरी देतो : हे जोडलेलं, हे जोडलेलं नाही, हे मुद्दाम बंद ठेवलेलं. हजेरीत दिवे लागलेली पोर्ट्स निघाली २,७९०. म्हणजे अंधारात १,०५०. नोंदवही म्हणत होती २२८ रिकामी आणि स्विच म्हणत होते १,०५०. मधली ८२२ पोर्ट्स कागदावर भरलेली होती, प्रत्यक्षात काळोखी.

मला केवढा आनंद झाला म्हणून सांगू! दिवाळीआधी माळा साफ करताना विसरलेलं चांदीचं भांडं हाती लागावं, तसा. वर्षानुवर्षे लोकांनी सर्व्हर काढून नेले होते, पण केबल तशाच ठेवल्या होत्या आणि वहीत कुणी खोडलं नव्हतं. असं मी धरून चालले.

तरी अगदीच बेफिकीर नव्हते. मी एक छोटी स्क्रिप्ट लिहिली. ज्या पोर्टावरून गेल्या ९० दिवसांत एक बाइटही गेलेला नाही तेवढीच निवडली. ७६४ मिळाली. मग सगळ्या विभागांना यादीसह मेल केली : "यातलं काही तुमचं असेल तर दोन आठवड्यांत कळवा. उत्तर आलं नाही तर रिकामं समजू." ३३३ पोर्टांबद्दल उत्तरं आली. उरली ४३१. मौन म्हणजे संमती, असं आपल्याकडे म्हणतातच.

त्यातल्या ९६ केबल आम्ही काढल्या. नवे सर्व्हर वेळेवर बसले. साहेबांनी बैठकीत कौतुक केलं. त्या वर्षीच्या दिवाळी फराळाला मी जरा ताठ मानेनेच आले होते.

२७ जानेवारी

इथे नोकरी करणाऱ्यांना डब्ल्यू-टू सांगायला नको. भारतातल्या वाचकांसाठी : वर्षभरात किती पगार मिळाला आणि किती कर कापला, याचा हा कागद. कंपनीने तो ३१ जानेवारीपर्यंत कामगारांना द्यावाच लागतो. ज्यांना कराचे पैसे परत मिळायचे असतात, ते या कागदाची वाट बघत असतात. तासावर काम करणाऱ्या माणसाच्या घरात त्या परताव्यावर गाडीची दुरुस्ती, थकलेलं भाडं, असं बरंच काही अडलेलं असतं.

आमच्याकडे हे कागद तयार करणारा एक सर्व्हर होता. वर्षातून एकदाच, जानेवारीच्या शेवटी त्याचं काम. उरलेलं वर्ष तो बंद असायचा, उगाच वीज कशाला जाळायची म्हणून. शुक्रवार, २७ जानेवारीला सकाळी त्या विभागातल्या मुलाने तो चालू केला. सर्व्हर सुरू झाला, पण त्याला बाहेरचं जगच सापडेना.

पहिले तीन तास सगळे त्या मुलाच्याच मागे लागले होते. तो नवा होता. नेहमी हे काम करणाऱ्या बाई बाळंतपणाच्या रजेवर होत्या. "तूच काहीतरी चुकवलं असशील, नीट बघ," असं त्याला एकापाठोपाठ एक जण सांगत होता. दुपारी मदतीसाठी माझ्याकडे फोन आला. त्याने रॅकचा नंबर सांगितला आणि माझ्या पोटात गोळा आला. मी यादी उघडली. दोन्ही पोर्ट्स माझ्या ९६ मध्ये होती.

खरं सांगते, अर्धा मिनिट मनात आलं, गप्प बसावं. केबल सैल झाली होती म्हणावं. मग त्या मुलाचा आवाज आठवला. बैठकीच्या फोनवर गेले आणि सांगितलं, "त्याची चूक नाही. केबल मी काढली."

रजेवर असलेल्या बाईंना माझी मेल गेली होती का? गेली होती. उत्तरही आलं होतं. "मी रजेवर आहे, अमुक व्यक्तीशी संपर्क साधा," असं आपोआप येणारं उत्तर. अशी उत्तरं मी एका वेगळ्या फोल्डरमध्ये टाकायची सोय करून ठेवली होती, कटकट नको म्हणून. ज्याला मी मौन समजत होते ते मौन नव्हतंच.

दुरुस्ती सोपी नव्हती. ती दोन पोर्ट्स आता नव्या, चालू सर्व्हरला दिलेली. त्या रॅकमध्ये दुसरं मोकळं पोर्ट नाही. शेजारच्या रॅकमधून फायबर ओढायचं, तर महिनाअखेर म्हणून कुठल्याही बदलाला बंदी. परवानग्या मिळवता मिळवता शनिवारची संध्याकाळ झाली.

त्या शनिवारी आपल्या मंडळाची संक्रांत होती. माझा सात वर्षांचा मुलगा पहिल्यांदा नाटुकल्यात होता, तिळगूळ विकणारा झाला होता. दोनच वाक्यं होती त्याची. नवऱ्याने व्हिडिओ पाठवला. काम संपल्यावर रात्री नऊ वाजता पार्किंगमध्ये गाडीत बसून मी तो पाहिला. दुसरं वाक्य म्हणण्याआधी तो प्रेक्षकांत मला शोधत होता, ते व्हिडिओत स्पष्ट दिसत होतं.

डब्ल्यू-टू ३१ तारखेच्या आत निघाले. पण अगदी काठावर.

मग मोजायचं कसं?

त्यानंतर फेब्रुवारी ते जून मी ती सगळी मोजदाद पुन्हा केली, सावकाश. जे शिकले ते मामांना फोनवर सांगितलं, तेच इथे सांगते.

पहिली गोष्ट, स्विच शेवटचा कधी बंद होऊन चालू झाला ते बघायचं. त्याचे आकडे बहुतेक तेव्हापासूनचे असतात. आमचे सहा स्विच ऑगस्टमध्ये नवं सॉफ्टवेअर टाकताना पुन्हा सुरू केले होते. अशा स्विचने "या पोर्टावरून कधीच काही गेलं नाही" म्हटलं तर त्या 'कधीच'चा अर्थ 'ऑगस्टपासून' एवढाच.

दुसरी, मोजणारा आकडा केवढा आहे ते बघायचं. जुन्या स्कूटरचा किलोमीटरचा आकडा ९९९९९ नंतर पुन्हा शून्यावर यायचा ना, तसा स्विचचा जुन्या पद्धतीचा मोजणी-आकडा साधारण ४२९ कोटी बाइट झाले की शून्यावर येतो. दहा गिगाबिटची वाट भरून वाहत असेल तर साडेतीन सेकंदांत! आपण दर पाच मिनिटांनी जाऊन तो वाचणार, तर मधे किती फेऱ्या झाल्या कोण सांगणार? त्यासाठी मोठे, ६४ बिटांचे आकडे असतात. तेच वाचायचे.

तिसरी, काळ. स्विचला समोरच्या यंत्राचा पत्ता लक्षात राहतो, पण यंत्र गप्प झालं की सहसा पाचच मिनिटांत तो विसरतो. म्हणून एका दिवसाची हजेरी कामाची नाही, आणि माझे ९० दिवसही कामाचे नव्हते. वर्षातून एकदा होणारं काम पकडायचं तर निदान तेरा महिन्यांची नोंद हवी. नोंद ठेवणारी साधनंही लबाड असतात. जागा वाचवण्यासाठी जुन्या आकड्यांची ती सरासरी काढून ठेवतात, आणि सरासरीत टोकं झिजतात. नंतर मी त्या सर्व्हरचा पूर्ण वर्षाचा आलेख उघडला. मागच्या जानेवारीत एक इवलासा उंचवटा होता. मुंगीएवढा. पण होता. बघणारीने बघितला नव्हता.

चौथी, केबल एकदम उपटायची नाही. आधी पोर्ट खुर्चीतूनच बंद करायचं आणि वाट बघायची. आमच्या धंद्यात याला 'स्क्रीम टेस्ट' म्हणतात, म्हणजे कोण ओरडतंय ते बघायचं. कुणी ओरडलं तर एका मिनिटात चालू करता येतं. केबल काढून तिथे दुसरी लावली की काय होतं ते वर सांगितलंच.

पाचवी गोष्ट साहेबांच्या प्रश्नाशी जास्त जोडलेली आहे : रिकामं पोर्ट मिळालं म्हणजे जागा मिळाली असं नाही. आमच्या स्विचवर ४८ पोर्ट्स २५ गिगाबिटची, म्हणजे बेरीज १,२००. पण रॅकमधून बाहेर जाणाऱ्या वाटा, अपलिंक, १०० च्या चार. म्हणजे ४००. एकास तीन. सगळे एकदम बोलत नाहीत म्हणून हे चालतं, जसं मुंबईच्या चाळीत नळ एक आणि बिऱ्हाडं अनेक. त्या अपलिंक किती भरतात ते बघावं लागतं, आणि इथे अर्धं म्हणजेच पूर्ण. दोन स्विचवर ६०-६० टक्के भार असेल आणि एक पडला, तर उरलेल्यावर १२० टक्के येणार. म्हणजे कोलमडणार. गर्दीच्या वेळीसुद्धा प्रत्येकावर पन्नासच्या आत हवा.

वर रॅकला वीज किती मिळते, थंडावा किती पोचतो, तेही बघायचं. इथल्या वीज कंपनीने २०२२ च्या उन्हाळ्यात सांगितलंच होतं की पूर्व लाऊडनमधल्या नव्या डेटा सेंटर्सना हवी तेवढी वीज पोचवायला वाहिन्या अपुऱ्या पडताहेत. पोर्टांची वजाबाकी बरोबर आली तरी सॉकेटला वीज नसेल तर काय उपयोग?

या सगळ्यातून गाळून, माझ्या त्या ४३१ 'रिकाम्या' पोर्टांपैकी खरी रिकामी निघाली २८७. उरलेली १४४ कुणा ना कुणाची होती. काही तिमाहीला एकदा जागणारी. काही मुख्य यंत्र बिघडलं तर उभ्या राहणाऱ्या बदली यंत्राची. काही चाचणीच्या सामानाची. आणि २८७ पैकी ६१ अशा रॅकमध्ये होती जिथे अपलिंक किंवा वीज आधीच काठोकाठ. म्हणजे लगेच देता येण्यासारखी २२६. ऑक्टोबरात मी ८ नवे स्विच मागवणार होते, मग शून्यावर आले होते. खरं उत्तर निघालं दोन. ते मागवले.

आणि नोंदवहीत एक नवा रकाना घातला. आधी तिच्यात रॅक, स्विच, पोर्ट, केबलचा रंग, सगळं होतं. नव्हतं ते माणसाचं नाव. आता शेवटचा रकाना आहे : 'कुणाचं?' त्यात दोन नावं लागतात, एक माणूस आणि तो रजेवर असेल तर दुसरा. तो रकाना कोरा असेल तर पोर्टाला हात लावायचा नाही, आधी शोध घ्यायचा.

मामांचा बंगला

हे सगळं ऐकून मामा फोनवर मोठ्याने हसले.

"अगं, मी पाचगणीला होतो तेव्हाची गोष्ट. गावात फोनसाठी ही रांग! केबलमध्ये तारेची एक जोडी मोकळी मिळेना. एक लाइन कित्येक महिने बंद. मी खांबावरून जोडी सोडवली आणि एका डॉक्टरांना दिली. मे महिन्यात मुंबईहून बंगल्याचे मालक आले. दर वर्षी यायचे म्हणे. फोन त्यांनी रीतसर अर्ज करून 'सेफ कस्टडी'त ठेवला होता. आल्यावर सुरू करायला सांगतात, तर जोडी गायब!"

"मग?"

"मग काय! डॉक्टरांची जोडी काढवेना, मालकांना नाही म्हणवेना. भर उन्हात नवी ओढली." थोडं थांबून म्हणाले, "अर्ज फाइलीत होता गं. मी फाइल बघितली नव्हती. लाइन बंद दिसली, एवढंच बघितलं."

चाळीस वर्षांचं अंतर, मधे सात समुद्र, आणि चूक मात्र तीच. मामाभाचीची एकच रास असावी.

जाता जाता मंडळाबद्दल. यंदा मी कार्यकारिणीत आहे. सभासदांची यादी साफ करायची ठरली. ३८ कुटुंबं अशी होती की दोन वर्षांत ना कार्यक्रमाला आली, ना मेलला उत्तर. कुणीतरी म्हणालं, "काढून टाकू नावं, अंक छापायचा खर्च तरी वाचेल." मी म्हटलं, आधी फोन करू. आम्ही चौघांनी याद्या वाटून घेतल्या.

काही कुटुंबं टेक्सासला, नॉर्थ कॅरोलायनाला निघून गेली होती. ती नावं त्यांच्याच संमतीने काढली. माझ्या वाट्याच्या एका घरी एका काकूंनी फोन उचलला. काका दीड वर्ष अंथरुणाला आहेत. काकू घर सोडू शकत नाहीत आणि मेल काकाच बघायचे, त्यामुळे ती कुणी उघडलेलीच नाही. मी नाव सांगितल्यावर म्हणाल्या, "त्या थंडीच्या लेखवाल्या का तुम्ही? दिवाळीत रोज रात्री यांना अंकातलं थोडं थोडं वाचून दाखवलं मी. या वर्षीचा पाठवाल ना?"

काकू, पाठवतोय. पाडव्याला मी स्वतःच घेऊन येते, फराळाच्या डब्यासकट. काकांना हा लेख जरा लांबलेला वाटला तर दोन रात्रींत वाचा.

सगळ्यांना दिवाळीच्या मनःपूर्वक शुभेच्छा!